बहिणाबाई चौधरी यांच्या काव्यातील समाधान

खानदेशातील निरक्षर शेतकरी कवयित्री बहिणाबाई नथुजी चौधरी (१८८० – ३ डिसेंबर १९५१) यांच्या कवितांमध्ये दैनंदिन जीवनातील सुख आणि समाधान हा एक प्रमुख आशय आहे. जाते, चूल, खळे, विहीर, पेरणी, कापणी, सासर-माहेर असे रोजच्या जगण्यातील विषय त्यांच्या काव्यात येतात. या काव्यातील समाधान दुःखाच्या अभावातून आलेले नसून श्रम, निर्मिती, दातृत्व आणि स्वतःच्या कर्तृत्वावरील विश्वास यांतून आलेले दिसते.

सतराव्या शतकातील वारकरी संत बहिणाबाई, ज्या संत तुकारामांच्या शिष्या होत्या, त्या वेगळ्या आहेत.

पार्श्वभूमी

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजन कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव भिमाई आणि वडिलांचे नाव उखाजी होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही त्यांची अपत्ये होत. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. त्यानंतर मुलांचे संगोपन, घरकाम आणि शेतीची कामे त्यांनी सांभाळली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या गाणी रचत आणि ती त्यांच्या स्मरणात राहत.

त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी आणि नातलग पितांबर चौधरी यांनी ही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे यांनी प्रकाशनाचा आग्रह धरला आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आज उपलब्ध असलेल्या रचना या टिपणांमुळेच टिकल्या आहेत.

भाषा

बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली आहे. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर या तालुक्यांच्या परिसरात ही बोली प्रामुख्याने लेवा पाटीदार समाजात बोलली जाते. प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी अनेकदा 'य' येणे आणि 'मला' ऐवजी 'माले' असे रूप होणे ही तिची काही वैशिष्ट्ये आहेत. घरात आणि शेतात बोलली जाणारी भाषाच काव्यात आल्यामुळे विषय आणि शब्द यांच्यात अंतर राहत नाही.

समाधानाचे स्वरूप

श्रम आणि गाणे

महाराष्ट्रात जात्यावर दळताना ओव्या गाण्याची परंपरा जुनी आहे. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. बहिणाबाईंचे काव्य याच परंपरेच्या भूमीवर उभे आहे. खानदेशात जात्याला 'घरोट' म्हणतात आणि त्यांच्या एका कवितेचे नावही तेच आहे. दळण थांबवून गाणे होत नाही. हात आणि गाणे एकाच लयीत चालतात. त्यामुळे गाण्याचा आनंद हा कामानंतरच्या विश्रांतीचा नसून कामातलाच असतो.

'पेरणी', 'कापणी', 'रगडनी' आणि 'उपननी' या कवितांत शेतीच्या हंगामाचा क्रम दिसतो. 'उपननी'मध्ये मळलेले धान्य खळ्यावर तयार आहे, परंतु भूस उडवण्यासाठी वारा हवा आहे. कवयित्री वाऱ्याला मारुतीचा बाप म्हणून बोलावते. माणसाचे काम आणि निसर्गाचा वाटा यांची येथे घरगुती नात्यासारखी सांगड घातलेली आहे. 'खोपा'मध्ये सुगरणीचे घरटे हा विषय आहे. केवळ चोचीच्या साधनावर एवढे सुबक घर बांधणाऱ्या पक्ष्यासमोर दोन हात आणि दहा बोटे असलेला माणूस उभा करून कवयित्री कर्तृत्वाची आठवण देते.

संसार

'संसार' या कवितेत चुलीवरच्या तव्याची प्रतिमा आहे: हाताला आधी चटके बसतात आणि मगच भाकर मिळते. पुढे काकडीचा वेल, बिब्बा, सागरगोटा अशा परिसरातील वस्तू येतात. काकडीचे टोक कडू, पण उरलेली गोड; बिब्ब्याच्या आत गोडंबी; काटेरी शेंगेत गुळगुळीत सागरगोटे. सुख सहज हाती येत नाही, पण कडू किंवा काटेरी भागापलीकडे ते असते, असा या प्रतिमांचा रोख आहे.

लोभ आणि मन

समाधानाच्या विरुद्ध असलेला लोभ हा 'मानूस' या कवितेचा विषय आहे. गायी-म्हशी चारा खाऊन दूध देतात आणि कुत्रा इमानाने वागतो. माणूस मात्र पोट भरले की उपकार विसरतो, अशी तुलना तेथे केलेली आहे. 'कशाला काय म्हनू नही' या कवितेत कापूस न देणाऱ्या बोंडाला बोंड म्हणू नये, असे सांगत वस्तूचे नाव तिच्या कार्याशी जोडलेले आहे. 'मन' या कवितेत मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुरांची उपमा आहे. तेच मन कधी खसखशीच्या दाण्याएवढे, तर कधी आभाळात न मावणारे असते. 'मोट हाकलतो एक'मध्ये एकाच विहिरीवरच्या दोन मोटांतून येणारे पाणी एकच असल्याचे निरीक्षण आहे.

दुःखाचा स्वीकार आणि प्रतिकार

वैधव्याच्या अनुभवावरील रचनांत शोक लपवलेला नाही. मात्र पुसलेल्या कुंकवामागे उरलेले गोंदण आणि फुटलेल्या बांगड्यांनंतरही मनगटात उरलेले कर्तृत्व यांच्याकडे त्यांत लक्ष वेधले जाते. भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला कवयित्री दारातून परत पाठवते. त्यामुळे या काव्यातील समाधान म्हणजे दैवापुढे मान तुकवणे, असा अर्थ घेणे अपुरे ठरते. वाट्याला आलेले नाकारता येत नाही, परंतु पुढचे आयुष्य आपल्याच हातांनी उभे करायचे आहे, अशी ही भूमिका आहे.

सासर-माहेर

सासुरवाशिणीच्या कष्टांची आणि माहेरच्या ओढीची नोंद या काव्यात ठळक आहे. 'आखजी' ही कविता अक्षय्य तृतीयेच्या सणावर आहे. खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी म्हटली जातात. 'योगी आणि सासुरवाशीन' या संवादरूप कवितेत, माहेरचे एवढे कौतुक असताना सासरी का नांदतेस, असा प्रश्न योगी विचारतो. लेकीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी नांदते, असे उत्तर सासुरवाशीण देते. येथे एका स्त्रीचे सुख दुसऱ्या स्त्रीने सोसलेल्या कष्टांवर उभे असल्याची जाणीव व्यक्त होते. कष्टांचे गोडवे न गाता त्यांची किंमत सांगणारी ही कविता असल्याने तिचा विचार समाधानाच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

प्रभाव

'मानिनी' (१९६१) या मराठी चित्रपटात बहिणाबाईंच्या रचना वसंत पवार यांच्या संगीतात घेण्यात आल्या आणि त्यामुळे त्या घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या कवितांचा समावेश महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत झालेला आहे. त्यांतील अनेक ओळी म्हणींसारख्या बोलण्यात रुळल्या आहेत. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असे नाव देण्यात आले.

हे सुद्धा पहा

लेवा गणबोली
सोपानदेव चौधरी
जात्यावरच्या ओव्या
आखजी
खानदेश