पाऊस, खेळपट्टी आणि नियम : १९३६-३७ च्या ॲशेस मालिकेचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

क्रिकेटच्या इतिहासलेखनात पावसाची नोंद बहुधा दैवाच्या खात्यावर केली जाते. संघ हरला तर पाऊस आडवा आला, जिंकला तर पाऊस मदतीस आला, असे म्हणून विवेचन तेथेच थांबते. वस्तुतः पाऊस निसर्गाचा असला तरी त्याचा परिणाम माणसांनी केलेल्या नियमांतून ठरतो. प्रस्तुत लेखात १९३६-३७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेच्या आधारे हा मुद्दा तपासला आहे. पाच कसोटींच्या मालिकेत पहिले दोन सामने गमावून उरलेले तिन्ही जिंकण्याचे कसोटी इतिहासातील हे एकमेव उदाहरण होय.

पार्श्वभूमी

१९३२-३३ च्या बॉडीलाइन गोलंदाजीमुळे दोन्ही देशांतील संबंध दुखावले होते. त्या दौऱ्यात तशी गोलंदाजी करण्यास नकार देणारे, सिडनीत जन्मलेले गबी ॲलन आता इंग्लंडचे कर्णधार होते. १९३६ च्या उन्हाळ्यात भारतीय संघाविरुद्धही त्यांनीच इंग्लंडचे नेतृत्व केले होते. ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व प्रथमच डॉन ब्रॅडमन यांच्याकडे आले होते.

या मालिकेच्या दोन अटी ध्यानात घ्याव्या लागतात. सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी पावसापासून झाकली जात नसे. आणि ऑस्ट्रेलियातील कसोटी सामने निकाल लागेपर्यंत चालत. त्यामुळे पाऊस सामना अनिर्णित ठेवू शकत नव्हता, मात्र खेळपट्टीचे रूप पालटून टाकत होता. भिजलेल्या खेळपट्टीवर कडक ऊन पडले की वरचा थर सुकू लागे, आतील माती मऊच राही. अशा 'चिकट' खेळपट्टीवर चेंडू कधी अंगावर उसळे, तर कधी खाली राही.

पावसाचे तीन सामने

ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला अशीच खेळपट्टी आली. संघ ५८ धावांत गारद झाला, ब्रॅडमन शून्यावर बाद झाले आणि इंग्लंडने ३२२ धावांनी विजय मिळविला. सिडनीत हॅमंड यांच्या नाबाद २३१ धावांच्या बळावर इंग्लंडने ६ बाद ४२६ वर डाव घोषित केला. पावसानंतरच्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ८० धावांत संपला. ब्रॅडमन पुन्हा शून्यावर बाद झाले. इंग्लंड एक डाव व २२ धावांनी जिंकले.

१ जानेवारी १९३७ रोजी मेलबर्नला सुरू झालेल्या तिसऱ्या कसोटीत प्रथम फलंदाजी ऑस्ट्रेलियाची होती. पाऊस झाल्यावर ब्रॅडमन यांनी ९ बाद २०० वर डाव घोषित केला. इंग्लंडचे फलंदाज झपाट्याने बाद होऊ लागले. येथे ॲलन यांच्यापुढे पेच उभा राहिला. धावा हव्या होत्या, पण खेळपट्टी खराब आहे तोवर ऑस्ट्रेलियाला फलंदाजीस आणणे त्याहून महत्त्वाचे होते. त्यांनी ९ बाद ७६ वर डाव घोषित केला. तो निर्णय उशिरा झाला, अशी टीका पुढे होत राहिली. ब्रॅडमन यांनी फलंदाजीचा क्रमच उलटा केला. ओ'रायली आणि फ्लीटवुड-स्मिथ हे गोलंदाज सलामीस गेले. दुसऱ्या दिवशी रविवारची सुटी होती. सोमवारी खेळपट्टी सुधारत गेली. ५ बाद ९७ अशा स्थितीत सातव्या क्रमांकावर आलेले ब्रॅडमन आणि फिंगल्टन यांनी सहाव्या बळीसाठी ३४६ धावा जोडल्या. ब्रॅडमन यांच्या २७० व फिंगल्टन यांच्या १३६ धावांमुळे डाव ५६४ पर्यंत गेला. ऑस्ट्रेलियाने ३६५ धावांनी विजय मिळविला. साडेतीन लाखांहून अधिक प्रेक्षकांनी हा सामना पाहिला.

यशाचे श्रेय कोणाचे?

सुटीचा दिवस मध्ये आला नसता तर ब्रॅडमन यांची चाल फसली असती, असा युक्तिवाद करता येतो. परंतु तोच न्याय ब्रिस्बेन आणि सिडनी येथील इंग्लंडच्या विजयांनाही लावावा लागेल. शिवाय ॲडलेड येथील चौथ्या कसोटीत पहिल्या डावात ४२ धावांनी मागे पडूनही ऑस्ट्रेलिया १४८ धावांनी जिंकले. त्यामागे ब्रॅडमन यांच्या २१२ धावा आणि अखेरच्या डावातील फ्लीटवुड-स्मिथ यांचे ११० धावांतील ६ बळी होते. अंतिम कसोटीत ऑस्ट्रेलियाने एक डाव व २०० धावांनी बाजी मारली. पाचही सामने प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघानेच जिंकले, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या नियमांत पाऊस केव्हाही खेळपट्टी बिघडवू शकतो, त्या नियमांत आधी धावा करून ठेवणे लाभाचे ठरे.

तुलना आणि समारोप

नियम बदलले की पावसाची भूमिकाही बदलते. १९३८ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर कसोटीला दिवसांची मर्यादा होती. पावसामुळे तेथे एकही चेंडू टाकला गेला नाही. याच मैदानावर जुलै २०२३ मध्ये खेळपट्टी झाकलेली होती, पण वेळ पाच दिवसांचा होता. दुसऱ्या डावात ५ बाद २१४ अशा स्थितीत ऑस्ट्रेलिया अद्याप ६१ धावांनी मागे होते. पाचव्या दिवशी खेळच झाला नाही आणि सामना अनिर्णित राहून ॲशेस ऑस्ट्रेलियाकडेच राहिल्या. १९३७ मध्ये पावसाने कर्णधारांपुढे निर्णयाचे प्रश्न उभे केले; २०२३ मध्ये त्याने निर्णयाची संधीच काढून घेतली.

म्हणून पावसाला दैव मानून इतिहासकाराला मोकळे होता येणार नाही. पाऊस किती पडला याबरोबरच तो कोणत्या नियमांवर पडला आणि त्या चौकटीत माणसांनी काय केले, हे विचारल्याशिवाय श्रेय आणि अपश्रेय यांची न्याय्य वाटणी होऊ शकत नाही.