उन्हाळ्यात घर गार आणि लाईट बिल आटोक्यात : पंखा, कूलर, एसी घेण्याआधी आणि वापरताना काय बघायचं?

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि रात्री झोपवत नाही. मग उधारीवर किंवा हप्त्यावर कूलर येतो, कुणाकडे एसीही येतो. पुढच्या महिन्यात बिल हातात पडलं की डोळे पांढरे होतात. त्यातच दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याची बातमी कुठल्या ना कुठल्या गावातून येतेच.

हे दोन्ही टाळता येतं. त्यासाठी क्रम लक्षात ठेवा : आधी छत, मग पंखा, मग कूलर आणि सगळ्यात शेवटी एसी. वरून तापणाऱ्या घरात महागडं यंत्र आणून बसवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

१) आधी छताचं बघा

दिवसभरात घरात येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा छतातून येतो. पत्रा लगेच तापतो आणि खाली उष्णता फेकतो. स्लॅब हळू तापतो, पण रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. म्हणूनच स्लॅबच्या घरात रात्री दहा-अकराला पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते. जुन्या धाब्याच्या आणि कौलारू घरांत हा त्रास कमी असतो.

- स्लॅबवर मार्च महिन्यातच चुन्याचे दोन हात मारा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी मारावा लागतो. पण खर्च कमी आहे.
- पत्र्यावर चुना नीट धरत नाही. तिथे उन्हासाठीचा पांढरा रंग वापरा. आधी गंज खरवडून पत्रा धुऊन घ्या.
- पत्र्याच्या खाली फूटभर जागा सोडून छत मारलं, तर मधल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते. ही मधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना झरोके ठेवा.
- छतावर कडबा, तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाकायची पद्धत आहे. त्याने गारवा मिळतो, पण एक ठिणगी पुरते. चुलीचा धूर निघतो तिथे आणि वायरीजवळ हे टाकू नका. शेडनेट छतापासून दोन-तीन फूट उंच बांधणं जास्त बरं.
- पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्ट्या किंवा शेडनेट लावा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची सावली जास्त कामाची, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही.
- सकाळी नऊनंतर खिडक्या बंद करा आणि सूर्य मावळल्यावर सगळ्या उघडा.

२) पंखा : छोटी वस्तू, मोठा फरक

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडतं. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढीच हवा ३० वॅटच्या आसपास देतो.

घरात ३ पंखे आहेत आणि ते रोज १५ तास चालतात असं धरा. जुन्या पंख्यांचे महिन्याला १०१ युनिट होतात, बीएलडीसीचे ४१. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० चा दर वेगळा, चढा असतो. म्हणजे जुने तीन पंखेच पहिला टप्पा खाऊन टाकतात आणि टीव्ही, फ्रिज, दिवे सगळे महाग दरात जातात.

खेड्यात आणखी दोन फायदे होतात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साधा पंखा मंदावतो, बीएलडीसी बऱ्यापैकी त्याच वेगाने फिरतो. आणि इन्व्हर्टरवर पंखाच चालत असेल, तर तीच बॅटरी दुपटीने टिकते.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे. लेबल नसलेला नवा पंखा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जुना पंखा मंद झाला असेल, तर आधी कंडेन्सर बदलून बघा. जुना डब्यासारखा रेग्युलेटर वेग कमी करतो, पण वीज फारशी वाचवत नाही, ती तिथेच गरम होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावा. पात्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंखा हवा गार करत नाही, फक्त घाम सुकवतो. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली, तर पंखा उलट गरम झळा मारतो. अशा दुपारी म्हातारी माणसं आणि लहान मुलांना बंद पत्र्याच्या खोलीत नुसत्या पंख्याखाली ठेवू नका. ओला पंचा अंगावर ठेवा आणि सावलीच्या जागी न्या.

३) कूलर : कोरड्या भागाचा राजा

पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, एवढंच कूलरचं तंत्र आहे. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. ४४ अंशांची कोरडी हवा चांगल्या भिजलेल्या ताट्यांमधून आली, तर २८ ते ३० अंशांपर्यंत उतरते. कोकणात किंवा पावसाळ्यात हवाच दमट असते, तिथे कूलर नुसता चिकचिक वाढवतो. पहिला पाऊस पडला की पंप बंद करा, फक्त पंखा चालू ठेवा.

साधारण २०० वॅटचा कूलर रात्री ८ तास चालला, तर महिन्याला ४८ युनिट होतात.

- कूलर खिडकीत, बाहेरच्या बाजूला, सावलीत बसवा. खोलीत आत ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते.
- समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर गारवा येत नाही. बरेच जण इथेच चुकतात.
- गवताच्या ताट्या दरवर्षी बदला. हनीकॉम्ब पॅड महाग असले तरी काही उन्हाळे टिकतात.
- बोअरचं पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरा क्षार बसतो आणि हवा अडते. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.
- पाण्याचा हिशोब धरा. कूलरने तासाला ५ लिटर पाणी घेतलं, तरी ८ तासांत ४० लिटर जातं. टँकरच्या गावात घर झाकून घेणं आणि पंखा बदलणं आधी करा.
- डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. टाकी रिकामी करताना कडा घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही जगतात.

४) शॉक : हे वाचल्याशिवाय कूलर लावू नका

लोखंडी पेटी, पाणी आणि वीज एकत्र आले की चुकीला माफी नाही. पंपाची वायर जरा सोलली तरी पूर्ण पेटीत करंट उतरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस सुटत नाही.

- तीन पिनचाच प्लग वापरा. तिसरी पिन काढून दोन पिनवर चालवू नका.
- बोर्डात तिसरं भोक असलं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाका.
- मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. करंट गळताच तो क्षणात लाईट तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त जास्त लोड आणि शॉर्टसर्किटला पडतो.
- पाणी भरताना, ताट्या ओल्या करताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढा. चालू कूलरमध्ये पाइपने पाणी सोडू नका.
- लहान मुलांचा हात पोचेल तिथे कूलर ठेवू नका.
- कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा आणि १०८ ला फोन करा.

५) एसी घ्यायचाच असेल तर

दीड टनाचा चांगला एसी तासाला सरासरी एक युनिट घेतो असं धरलं, तर रात्री ८ तासांचे महिन्याला २४० युनिट होतात. म्हणजे पाच कूलरएवढे. पत्र्याखाली, आतून छत न मारता एसी लावला तर तो थांबतच नाही आणि आकडा आणखी वाढतो.

- १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन, १५० ते १८० ला दीड टन पुरतो. छत तापत असेल तर जास्त लागतो.
- इन्व्हर्टर एसी आणि जास्त स्टार घ्या. लेबलवरचं साल बघा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालाचे ५ स्टार आजच्या ५ स्टारएवढे नसतात.
- २४ ते २६ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते.
- जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. बाहेरचं युनिट सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा.
- स्वतंत्र जाड वायर आणि १६ अँपियरचा पॉइंट घ्या. मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो.

६) हिवाळ्यात काय?

निफाडसारख्या भागात थंडीत पारा एक आकड्यावर येतो, पण आपल्याकडे खरा खर्च खोली गरम करण्याचा नाही, अंघोळीच्या पाण्याचा आहे. एक बादली पाणी कढत करायला अर्धा युनिट लागतं, मग रॉड असो की गिझर. फरक सुरक्षेचा आहे. रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून बघू नका, आधी पिन काढा. चार माणसांच्या घराला १०० लिटरचा सोलर बंब बहुतेक दिवस पुरतो. जड पाणी असेल तर त्याच्या नळ्यांमधला क्षार वर्षातून एकदा साफ करून घ्या.

आणि दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटती ठेवून कधीच झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

या आठवड्यात करायची तीन कामं

एक, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. दोन, गेल्या उन्हाळ्याचं बिल काढून मे महिन्यात किती युनिट पडले ते बघा. तीन, नवीन काही विकत घेण्याआधी छताला चुना मारा. वीजपुरवठ्याची तक्रार असेल तर महावितरणचा १९१२ हा नंबर आहे. लोंबकळणारी तार दिसली तर स्वतः हात लावू नका, तिथेच कळवा.