नाक बसविणारे हात

मराठी भाषेने नाकाची जेवढी काळजी वाहिली आहे, तेवढी दुसऱ्या कोणत्या अवयवाची वाहिली असेल असे आम्हांस वाटत नाही. घराण्याला नाक असते, गरजवंताला ते मुठीत धरावे लागते, आणि नाक कापले गेले म्हणजे माणूस जिवंत असूनही चारचौघांतून उठला. आज हा नुसता बोलण्याचा प्रकार उरला आहे. अठराव्या शतकात तो बोलण्याचा प्रकार नव्हता. शिक्षा म्हणून, सूड म्हणून, शत्रूच्या माणसांना दहशत बसावी म्हणून नाके खरोखरीच कापली जात. आणि जेथे नाके कापली जातात तेथे ती बसविणारेही कोणी तरी निर्माण होतात. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या बसविणाऱ्यांविषयी, आणि त्याहून अधिक, त्यांच्या हाताखाली उभे राहून शिकणाऱ्यांविषयी.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' एवढीच सही असलेले एक पत्र चित्रासह छापून आले. त्यातील हकीकत आपल्या पुण्याजवळची आहे. इंग्रज, मराठे आणि निजाम हे तिघे मिळून टिपूशी लढत होते, ती लढाई १७९२ मध्ये संपली. त्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. पत्रात त्याचे नाव 'कावसजी' असे दिले आहे. हे नाव पारशाचे वाटते, जात तर मराठा शेतकऱ्याची सांगितली आहे. आमचा तर्क असा की हा आपला एखादा कावजी असावा आणि साहेबाच्या कानाने त्याचा कावसजी केला असावा. तर्क खोटा ठरला तरी फारसे बिघडत नाही. माणूस बैल हाकणारा होता, शिपाई नव्हता, सरदार नव्हता, एवढे मात्र लक्षात ठेवावे. फौजा पोटावर चालतात आणि पोट बैलावर चालते. म्हणून बैलवाल्याचे नाक कापले जाते.

वर्षाहून अधिक काळ हा गृहस्थ नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने, म्हणजे बहुधा आपल्याच एखाद्या कुंभाराने, त्याला नवे नाक बसविले. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या सांगण्यावरून पत्रात तिचे जे वर्णन आले आहे, ते एखाद्या कसबी कामगाराच्या कामाच्या वर्णनासारखे वाचावे असे आहे.

प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो तुटक्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार करावयाचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यावयाची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवावयाची. सारी मेख या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहते आणि कातडी नव्या जागी रुजेपर्यंत जिवंत राहते. मग तुटक्या नाकाची जुनी कड तासून ताजी करावयाची, तिच्यामागे खाच घ्यावयाची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची आणि तिची कड त्या खाचेत बसवावयाची. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर ठेवावयाच्या. चार दिवस दुसरे काही नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ चिंध्या घालावयाच्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापून टाकावयाची.

मेण, कात, तूप आणि चिंध्या! हे सारे कोणी मळले, कोणी कालवले, उताण्या पडलेल्या माणसाचे डोके कोणी धरले? पत्र याविषयी गप्प आहे. एका माणसाचे हे काम नव्हे, हे कोणत्याही कारागिराला न सांगता कळेल. कुंभाराचा मुलगा, पुतण्या, कोणी तरी शेजारी असलाच पाहिजे, आणि पुढचे नाक त्यानेच बसविले असणार. त्याचे नाव राहिले नाही. त्याच्या उस्तादाचेही नाही. ज्याचे चित्र काढले त्या बैलवाल्याचे नाव राहिले, ज्याने चित्र काढले त्या जेम्स वेल्सचे राहिले. एवढेच काय, वेल्सच्या हाताखाली पुण्यात चित्रकला शिकलेल्या गंगाराम तांबटाचेही राहिले, कारण त्याची कामे कागदावर होती. कुंभाराचे काम माणसाच्या तोंडावर होते, ते माणसाबरोबर गेले.

येथे कोणी म्हणेल की यात कुंभाराचे काय, हे सारे सुश्रुताने लिहून ठेवलेच आहे. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहे हे खरे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे घेऊन तेवढी कातडी सोडवावी असे ती सांगते, पण ती गालाची, कपाळाची नव्हे. ग्रंथात गाल आणि पुण्यात कपाळ, हा फरक लहान नाही. कपाळाची कातडी नाकाशी अधिक जुळते, आणि गालावर व्रण राहत नाही. हा बदल कोणी, केव्हा केला हे कोणत्याही पोथीत नाही. तो करून पाहणाऱ्या हातांनीच केला असला पाहिजे. आमच्या मते सुश्रुताचा मोठेपणा वेगळ्या जागी आहे. शिष्याने माणसाला हात लावण्यापूर्वी काय करावे हे त्याने सांगितले. कापणे कोहळ्यावर, भोपळ्यावर आणि काकडीवर शिकावे, शीर उघडणे मेलेल्या जनावराच्या शिरेवर व कमळाच्या देठावर, टाके घालणे कापडावर व मऊ चामड्यावर, पट्ट्या बांधणे बाहुल्यावर. ग्रंथ कितीही पाठ असला तरी हात वळला नसेल तर तो वैद्य कामाचा नाही, असे सांगणारा हा गुरू होता. पुढे शास्त्रीबुवांनी ग्रंथ ठेवला आणि चाकू खाली ठेवला. तो चाकू खालच्या मानलेल्या हातांनी उचलला.

लंडनमध्ये ते पत्र जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वाचले. त्याने प्रेतांवर ही क्रिया करून पाहिली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातडीचे नाक बसविले. तेव्हा भूल नव्हती. ईथर आले ते १८४६ मध्ये. १८१६ मध्ये त्याने पुस्तक लिहिले, १८१८ मध्ये जर्मनीच्या ग्रेफेने या विद्येला भारदस्त नाव दिले, आणि इंग्रजी पुस्तकांतून ती विद्या पुन्हा हिंदुस्थानात आली. कार्प्यूने हिंदुस्थानचे ऋण लपविले नाही, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. जुनागडचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी तर १८८९ मध्ये अशा शंभर रोग्यांची हकीकत छापली. तेथे एक दरोडेखोर नाके कापीत असे आणि हे डॉक्टर ती बसवीत.

युनियनच्या कामासाठी आम्हांस एका मोठ्या इस्पितळात कंत्राटी सफाई कामगारांकडे जावे लागते. तेथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी भेटली. आदल्या रात्रीची झोप तिच्या डोळ्यांवर होती. कॅन्सरमुळे नाक गेलेल्या एका हमालाच्या शस्त्रक्रियेत ती मदतनीस होती. आम्ही विचारले, "तुम्ही काय केलेत?" ती म्हणाली, "काका, तीन तास आकडा धरून उभी होते. रक्त टिपलं, धागे कापले." मग थोडे थांबून, "आणि माप मी कापलं. टाक्यांच्या धाग्याचं पाकीट असतं ना, त्याच्या चांदीच्या कागदाचं. सरांनी ते कपाळावर ठेवून आखलं." रात्रभर दर तासाला जाऊन ती त्या नव्या नाकावर बोट दाबून पाहत होती, दाबल्यावर पांढरे पडते, सोडल्यावर लाली किती वेळात परतते, यावर कातडी जगणार की नाही ते कळते. निळसर दिसू लागले तर सरांना उठवायचे होते. मेणाच्या जागी चांदीचा कागद आला, बाकी पट्टी तीच, पीळ तोच, आणि पट्टी कापायची ती अजूनही तीनएक आठवड्यांनी.

याच मुलीने आदल्या महिन्यात एका सुखवस्तू घरच्या मुलीचे चांगले असलेले नाक अधिक चांगले करण्याच्या कामीही आकडा धरला होता. लोक या विद्येला श्रीमंतांचा शौक म्हणतात. आम्ही तिला विचारले, तर ती म्हणाली, "काका, हाताला दोन्ही सारखंच. पण त्या हमालानं आरसा मागितला तेव्हा मी बाहेर गेले." हमालाला सौंदर्य कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी बिननाकाच्या तोंडाने एक दिवस मार्केटात काम मागून पाहावे.

पहिल्या महायुद्धात तोंडे फुटलेल्या हजारो सैनिकांवर इंग्लंडात सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज यांनी काम केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया पुण्यास परतले आणि १९५० च्या दशकात त्यांनी जवळच कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात काम सुरू केले. कुष्ठरोगात नाक आतून बसते, भुवया झडतात, बोटे वाकतात. रोग बरा झाला तरी तोंड पाहून लोक दार लावतात. त्या तोंडांवर आणि त्या हातांवर अंतियांनी शस्त्रक्रिया केल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. इस्पितळात त्यांच्या हाताखाली नवे सर्जन तयार झाले.