मेरठचे लॉक हॉस्पिटल आणि गाझियाबादची रक्तचाचणी

गाझियाबाद स्वतंत्र जिल्हा झाला १४ नोव्हेंबर १९७६ रोजी. त्याआधी ती मेरठ जिल्ह्यातली एक तहसील होती. त्यामुळे इथल्या लैंगिक आजारांच्या तपासणीचा इतिहास शोधायचा, तर तो मेरठच्या छावणीपासूनच सुरू करावा लागतो. १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या शिपायांकडे जाणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने शारीरिक तपासणी सुरू केली. आजार दिसला की त्या बाईला लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगाच्या बंदिस्त इस्पितळात, कोंडून ठेवत. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हीच पद्धत मोठ्या शहरांत नेली. शिपायावर मात्र असा कायदा नव्हता. नोंदवही, तिकीट आणि कोंडवाडा हे सारे बाईच्या वाट्याचे. ब्रिटिश संसदेत गदारोळ झाल्यावर १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण व्यवहार थांबला नाही. १८९१-९२ च्या सुमारास एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी मेरठसह उत्तरेतल्या छावण्या पाहिल्या, तेव्हा तपासण्या चालूच होत्या. आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराची चाचणी असावी का, असावी तर कशी, या प्रश्नाचे उत्तर मला या इतिहासातच दिसते. चाचणी जरूर असावी. पण ती माणसाने स्वतः मागितलेली किंवा समजून स्वीकारलेली असावी, आणि तिच्यामागे उपचार उभा असावा.

सक्तीचा अनुभव एकट्या मेरठचा नाही. मुंबईत सांसर्गिक रोगांचा हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत खर्चाच्या भांडणात बंद पडला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ ला संपला. त्या सगळ्या काळात स्त्रियांनी नोंदणी चुकवली, वस्ती बदलली, पोलिसांना टाळले. शंभर वर्षांनी गोव्यात तेच घडले. सार्वजनिक आरोग्य कायद्यात सरकारने एचआयव्हीबाधितांना वेगळे ठेवण्याची तरतूद घातली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला पोलिसांकरवी उचलून क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत चौसष्ट दिवस ठेवले. रक्त देणे हा त्याचा सद्भाव; त्याच रक्ताच्या चाचणीने त्याला बंदी केले. हे पाहिल्यावर कोण आपणहून हात पुढे करील?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला हलका वाटत नाही. कायदा गेल्यानंतर गोऱ्या फौजेतले गरमी-परम्याचे प्रमाण वाढले. १८९५ च्या सुमारास दर हजार शिपायांमागे वर्षाला पाचशेहून अधिक जण या आजारांसाठी इस्पितळात दाखल होत होते. म्हणजे सक्ती हटली आणि रोग माजला, असे तेव्हाचे सेनाधिकारी म्हणत. परंतु कायदा पूर्ण जोरात असताना, १८८० च्या दशकातही हे प्रमाण चढतच होते. शिवाय हे आकडे फक्त शिपायांचे आहेत. ज्या बायकांना कोंडले त्या बऱ्या झाल्या का, हे त्यांतून कळत नाही. आणि त्या काळी बरे करणारे औषधच नव्हते. पाऱ्याचे उपचार रोग्याचे दात हलवत, रोग तसाच ठेवत. बरे न करणारी तपासणी ही फक्त पहारा असते.

हिपॅटायटिस सीची गोष्ट नेमकी इथे वेगळी होते. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. भारतात रक्तपेढ्यांना त्याची चाचणी काही वर्षांनी बंधनकारक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदा १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला. त्याआधी ज्यांना रक्त चढवले त्यांतले अनेकजण आजही नकळत हा विषाणू बाळगून असतील, कारण यकृत झिजायला वीस-तीस वर्षे लागतात आणि तोवर कावीळही दिसत नाही. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या बहुतेकांना बारा आठवड्यांत बरे करतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत.

मग कोणी विचारील, हा आजार रक्ताचा, त्याला गुप्तरोगाच्या दारात कशाला आणायचे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत पाचशे विषमलिंगी जोडप्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संबंधांतून लागण होण्याचा धोका जवळजवळ एक लाख नव्वद हजार संबंधांत एक इतकाच निघाला. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत मात्र लैंगिक मार्गाने लागण झाल्याचे या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात स्पष्ट दिसले. म्हणून सुरक्षा क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येकाची सरसकट चाचणी मला अनाठायी वाटते. पण सुईने नशा करणारे, एचआयव्हीसह जगणारे, जुने रक्त घेतलेले, साहिबाबादच्या कारखान्यांत काम करून किंवा खोड्याच्या दाट वस्तीत राहून तापाला बिनपदवीच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेणारे, हे लोक त्याच क्लिनिकमध्ये सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त देतातच. त्याच वेळी विचारपूस करून आणखी एक नळी घेणे अवघड नाही. एकाच सुईचा वापर किती दूर जातो, हे उत्तर प्रदेशातल्याच उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊने २०१८ मध्ये एचआयव्हीच्या उद्रेकातून दाखवले.

अट एवढीच की प्रतिपिंडांच्या चाचणीवर कोणाला रोगी ठरवू नये. सुमारे चौथा हिस्सा लोकांत हा विषाणू आपोआप जातो, आणि औषधाने बरे झालेल्याच्या रक्तातही प्रतिपिंडे उरतात. विषाणूची दुसरी चाचणी झाल्याशिवाय निदान पुरे होत नाही. एचआयव्हीसाठी २०१७ च्या कायद्याने संमती आणि गुप्ततेचे संरक्षण दिले आहे. हिपॅटायटिससाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. तो होईपर्यंत गाझियाबादच्या प्रत्येक क्लिनिकने चाचणीपूर्वी संमती विचारावी, निकाल बंद खोलीत सांगावा आणि त्याच दिवशी उपचार केंद्राची चिठ्ठी हातात द्यावी.