छडी, भीती आणि स्मरणशक्ती

जुन्या पंतोजींच्या शाळेचे वर्णन आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असेल. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे एका सुरात म्हणावयाचे, आणि जो चुकेल त्याच्या हातावर छडी बसावयाची. छडीवाचून विद्या येत नाही, हा समज शिक्षकाइतकाच पालकांचाही होता. तो कसा ढासळला, आणि ज्यांनी तो ढासळविला त्यांच्या बाजूने शरीरशास्त्राने पुढे कोणती साक्ष दिली, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की पंतोजींचा अनुभव सर्वस्वी खोटा नव्हता. १९०८ मध्ये यर्क्स व डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना काळी व पांढरी पेटी यांतील पांढरी निवडावयास शिकविले. चुकल्यास विजेचा धक्का बसे. दोहोंतील भेद स्पष्ट दिसत होता तेव्हा जोराच्या धक्क्याने उंदीर लवकर शिकले. भेद ओळखणे कठीण करताच मात्र जोराचा धक्का बाधक ठरला, आणि मध्यम धक्काच उपयोगी पडला. उंदरांवरून मुलांचा निवाडा करू नये हे खरे. तथापि पाढे घोकणे निराळे आणि गणित समजणे निराळे, हे ज्याने वर्गात अनुभवले आहे त्याला या प्रयोगाचे मर्म सांगावयास नको.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, बालमंदिरात शोधले गेले. मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. शिक्षेचा धाक आणि बक्षिसाचा लोभ हे दोन्ही दूर सारून मूल शिकते, असा त्या मंडळींचा अनुभव होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शाळेला बुजणारी वारली मुले गुरे राखावयास जात, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली. ‘कुरणशाळा’ हे तिचे नाव. छडीने जी मुले पळाली असती, ती येथे आपण होऊन बसू लागली.

त्याच काळात विज्ञानही निराळ्या वाटेने तेथेच येत होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांतील ॲड्रिनॅलिन हे द्रव्य १९०१ मध्ये ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने शुद्ध रूपात मिळविले. भय वाटताच ते रक्तात उतरते, हृदय धडधडते, आणि शरीर लढावयास वा पळावयास सज्ज होते. त्यामागोमाग याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल स्रवते व ते मेंदूपर्यंत पोहोचते. ब्रूस मॅकइवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखविले की उंदरांतील अशाच संप्रेरकाला मेंदूच्या ज्या भागात विशेष थारा मिळतो, तो भाग हिप्पोकँपस होय. आणि नव्या आठवणी घडविण्याचे काम मुख्यतः हाच भाग करतो.

याचा अर्थ काय, ते पुढील संशोधनाने स्पष्ट केले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांनी पाठ केलेले शब्द दुसऱ्या दिवशी आठवावयाचे होते. आठवण्यापूर्वी एक तास ज्यांना कॉर्टिसोनची गोळी दिली, त्यांना कमी शब्द आठवले. शिकण्यापूर्वी वा शिकल्यानंतर लगेच गोळी दिली असता असा तोटा दिसला नाही. पाठ येत असूनही फळ्यापुढे उभे केलेले मूल गप्प का होते, याचे एक कारण येथे सापडते. त्याच्याजवळ विद्या असते, पण त्या क्षणी तिचे दार उघडत नाही.

बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट नोंदविली. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवले असता हिप्पोकँपसमधील पेशींच्या शाखा आखूडल्या. परंतु भयाशी संबंधित अशा अमिग्डाला भागातील पेशींच्या शाखा उलट वाढल्या. धडा पुसट व्हावा आणि धाक मात्र पक्का व्हावा, असाच हा प्रकार आहे.

म्हणून सर्व ताण वाईट, असे कोणी समजू नये. थोडी उत्सुकता, थोडी धडपड स्मरणाला पोषकच असते. घातक ठरतो तो रोजचा, सुटका नसलेला धाक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. परंतु कायदा छडी काढून घेऊ शकतो, शिक्षकाच्या आवाजातील जरब नव्हे. आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनारसारख्या गावी जे मूल घरी मराठी बोलते व शाळेत हिंदीतून शिकते, त्याच्या एका चुकलेल्या शब्दावर वर्ग हसला, तरी ती छडीच होय. उत्तर अडले की त्याला क्षणभर थांबू द्यावे, प्रश्न पुन्हा शांतपणे विचारावा. कोसबाडच्या कुरणात जे संप्रेरकांचे नावही न घेता साधले, ते आपल्या वर्गात साधण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.