गणवेश सैनिकाचा, काम पोलिसाचे!
फ्रान्सच्या जांदार्मरीची बदलती भूमिका

फ्रान्समधील मोठ्या शहरांत कायदा व सुव्यवस्थेची जबाबदारी नागरी पोलिसांकडे असते. शहराची हद्द ओलांडली, की ग्रामीण भागात आणि लहान गावांत ही जबाबदारी 'जांदार्म'कडे जाते. तो गुन्ह्यांचा तपास करतो, रस्त्यावरील वाहतुकीवर नजर ठेवतो. मात्र हुद्द्याने आणि शिस्तीने तो सैनिकच असतो. 'नॅशनल जांदार्मरी' या सुमारे एक लाख जवानांच्या दलाकडे देशाचा जवळपास ९५ टक्के भूभाग आणि निम्मी लोकसंख्या आहे.

या दलाची मुळे मध्ययुगात आहेत. सैन्यात शिस्त राखण्यासाठी असलेल्या 'मारेशोसे' या दलाला राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ मध्ये सध्याचे नाव मिळाले. इटलीचे काराबिनिएरी (१८१४) आणि स्पेनचे 'सिव्हिल गार्ड' (१८४४) ही दले याच परंपरेतील मानली जातात.

विसाव्या शतकात दहशतवादाने दलापुढे नवे आव्हान उभे केले. १९७४ मध्ये 'जीआयजीएन' हे विशेष पथक उभारण्यात आले. डिसेंबर १९९४ मध्ये अल्जीअर्सहून अपहरण झालेल्या 'एअर फ्रान्स'च्या विमानावर मार्सेय येथे याच पथकाने कारवाई करून चारही अपहरणकर्त्यांना ठार केले.

खरा बदल घडला तो २००९ मध्ये. तोवर संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असलेले हे दल गृह मंत्रालयाकडे सोपविण्यात आले. जवानांचा लष्करी दर्जा मात्र कायम राहिला. सुव्यवस्थेसाठी दल वापरताना पूर्वी नागरी अधिकाऱ्यांना औपचारिक लेखी मागणी करावी लागे. ही अटही नव्या कायद्याने काढून टाकली. पोलीस आणि जांदार्म एकाच मंत्र्याच्या हाती आल्याने समन्वय वाढेल, असा सरकारचा युक्तिवाद होता. तर सत्तेचा समतोल बिघडेल, अशी टीकाकारांची भीती होती.

सैनिकी दर्जाची किंमत जवानांनाही मोजावी लागते. त्यांना संपाचा अधिकार नाही. कुटुंबासह सरकारी वसाहतीत राहणे हा नोकरीचाच भाग असतो. तरीही डिसेंबर २००१ मध्ये जांदार्म गणवेशात रस्त्यावर उतरले होते. लष्करात संघटना स्थापण्यावरील सरसकट बंदी अयोग्य असल्याचा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्यानंतर २०१५ मध्ये व्यावसायिक संघटनांना परवानगी मिळाली.

मार्च २०१८ मध्ये त्रेब येथील सुपरमार्केटमध्ये लेफ्टनंट कर्नल आर्नो बेल्त्राम यांनी एका ओलीस महिलेच्या जागी स्वतःला दहशतवाद्याच्या हवाली केले आणि त्यात प्राण गमावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'पिवळे जाकीट' आंदोलनाच्या बंदोबस्तासाठी याच दलाची चिलखती वाहने पॅरिसच्या रस्त्यांवर उतरली. एकाच गणवेशाची ही दोन रूपे आहेत. आज्ञापालन आणि त्याग हे सैनिकाचे गुण नागरिकांच्या रक्षणासाठी वापरायचे, तर त्या सामर्थ्यावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न मंत्रालय बदलल्याने सुटलेला नाही.