नासपतीचे नाव आणि चित्राची साक्ष

फ्रान्समधील एका जुन्या नासपतीचे नाव आहे 'बाँ क्रेतियाँ', म्हणजे 'भला ख्रिस्ती'. १४८३ साली आजारी राजा अकरावा लुई याच्या बोलावण्यावरून पावलाचे संत फ्रान्सिस इटलीहून आले. त्यांनीच हे झाड आणले व राजा त्यांना ज्या नावाने संबोधी तेच फळास मिळाले, अशी परंपरा सांगते. संतांचे आगमन हा इतिहास आहे. फळाची गोष्ट ही दंतकथा.

नावावर विसंबून मात्र फळ ओळखता येत नाही. नासपतीचे बी पेरले तर मूळ झाडासारखे फळ येत नाही. जात टिकते ती कलमाने. कलमाची चिठ्ठी हरवली की जातीची ओळखही हरवते. म्हणूनच चित्रकाराच्या साक्षीला मोल आहे.

द्युआमेल द्यु मोंसो यांनी १७६८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या फळझाडांवरील दोन खंडांत हिवाळी 'बाँ क्रेतियाँ'चे वर्णन व कोरीव चित्र आहे. हे फळ हिवाळ्यात खाण्याजोगे होते. त्याच सुमारास, १७७० च्या आसपास, इंग्लंडमधील ऑल्डरमॅस्टन गावी एका शाळामास्तरांच्या बागेत निराळीच नासपती उपजली: उन्हाळा सरताना पिकणारी, रसाळ, सुवासिक. रिचर्ड विल्यम्स या रोपवाटिकाधारकाने तिचा प्रसार केला आणि ती 'विल्यम्स बाँ क्रेतियाँ' म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव जुने, फळ नवे!

पुढे हे झाड अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पोहोचले. तेथील बाग १८१७ साली इनॉक बार्टलेट यांच्याकडे आली. मूळ नाव ठाऊक नसल्याने त्यांनी ही नासपती स्वतःच्या नावाने प्रसृत केली. १८२८ च्या सुमारास इंग्लंडहून नवी रोपे आली, तेव्हा दोन्ही एकच असल्याचे उमगले. तोवर 'बार्टलेट' हे नाव रुजले होते.

असा घोळ निस्तरण्यासाठीच अमेरिकेच्या कृषिखात्याने १८८६ पासून चित्रकारांकडून फळांची जलरंगचित्रे काढून घेतली. आज त्या संग्रहात सुमारे साडेसात हजार चित्रे आहेत. एकट्या डेबोरा ग्रिस्कम पासमोर यांची दीड हजारांहून अधिक. त्यांत 'बार्टलेट'ही आहे. या चित्रकारांनी फळ सजवले नाही. कीड, डाग, कूज दिसली तशी रंगवली.

आमच्या मते या चित्रांची थोरवी त्यातच आहे. भक्ती, व्यापार आणि विस्मरण यांनी फळाला नावे दिली; चित्रकाराने मात्र समोरच्या फळाशी इमान राखले. नामाभिधानावर संतुष्ट राहण्याची सवय जडलेल्या आपणां सर्वांना हे इमान विचार करावयास लावील, असे आम्हांस वाटते.